कारखान्याचं बोर्ड कळतं, मग सॉफ्टवेअरचं? ओपन सोर्स संस्थांच्या निवडणुकीत खरा खेळ छाननीतच होतो

टेंभुर्णीत निवडणूक कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पुणे-सोलापूर हायवेवरचं, माढा तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला ऊस आणि तालुक्यातच पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना. कारखान्याची 'बॉडी' कशी निवडतात, पॅनेल कसं बांधतात, कुणाचा अर्ज कशावरून उडाला, हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

याच गावातला एखादा पोरगा कॉलेजात पायथन शिकतो, प्रोजेक्टसाठी विकिपीडिया उघडतो. त्यामागेही संस्था आहेत. नफा न कमावणाऱ्या, संचालक मंडळ असलेल्या. त्यातल्या काहींच्या निवडणुका होतात आणि टेंभुर्णीत बसलेल्या माणसालाही त्यात उभं राहता येतं. निदान कागदावर तरी.

२०२५ मध्ये अशा दोन निवडणुका गाजल्या. दोन्हीकडे वाद कुणाला किती मतं पडली यावर झालाच नाही. वाद झाला तो कुणाचा अर्ज धरला आणि कुणाचा बाद केला यावर.

नेमकं झालं काय?

पहिली संस्था ओपन सोर्स इनिशिएटिव्ह. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली. ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो ते. पण 'हे खरंच ओपन सोर्स आहे' असं ठरवायचं कुणी? ते काम ही संस्था करते. कोणतं लायसन्स त्या व्याख्येत बसतं, याची तिची यादी जगभरातल्या कंपन्या प्रमाण मानतात. संस्था छोटी, पण शिक्का मोठा.

२०२५ च्या संचालक मंडळाच्या निवडणुकीसाठी अर्ज करायची शेवटची तारीख होती १७ फेब्रुवारी, रात्री ११:५९. आता प्रश्न असा की कुठल्या देशातले ११:५९?

ल्यूक फराओन हे डेबियन या जुन्या ओपन सोर्स प्रकल्पाशी जोडलेले डेव्हलपर. त्यांनी अर्ज पाठवला तेव्हा कॅलिफोर्नियात १७ तारीख संपलेली नव्हती. संस्थेचं म्हणणं पडलं की मुदत यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार होती, त्यामुळे अर्ज उशिरा आला. अर्ज बाद. मुदत सांगताना कुठली वेळ धरायची हे स्पष्ट लिहिलंच नव्हतं, ही फराओन यांची तक्रार होती.

हेच टेंभुर्णीच्या घड्याळात मांडून बघा. यूटीसीचे ११:५९ म्हणजे भारतात १८ तारखेची पहाटेची ५:२९. कॅलिफोर्नियाचे ११:५९ म्हणजे १८ तारखेची दुपारची १:२९. आणि इथल्या एखाद्याने साधेपणाने आपल्या घड्याळातले ११:५९ धरले असते, तर त्याच्या हातातले साडेपाच तास त्याला न कळताच गेले असते. एका ओळीत तीन अक्षरं लिहायची राहिली आणि एक उमेदवार कमी झाला.

मग पॅनेलचं काय झालं?

फराओन बाहेर गेल्यावर मैदानात उरलेल्यांत ब्रॅडली कुन आणि रिचर्ड फोंटाना ही दोन वजनदार नावं होती. कुन सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीचे, फोंटाना रेड हॅटमधले वकील. दोघांनी मिळून सुधारणेचा जाहीरनामा काढला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पॅनेल टाकलं.

त्यांचा मोठा आक्षेप एआयवर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये या संस्थेने 'ओपन सोर्स एआय' कशाला म्हणायचं याची पहिली व्याख्या जाहीर केली. एआय मॉडेल ज्या डेटावर शिकलं तो सगळा डेटा खुला केलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही. डेटाबद्दल पुरेशी माहिती दिली तरी चालतं. टीकाकारांचं म्हणणं, मग त्याला 'ओपन' कशाला म्हणायचं? ही भानगड मराठीपासून दूर नाही. उद्या एखादं मॉडेल चुकीचं मराठी लिहायला लागलं, तर ते कुठल्या मजकुरावर शिकलं हे तपासायचा मार्ग इथल्या विद्यार्थ्याला राहतो की नाही, हे अशा व्याख्यांवर अवलंबून आहे.

मतदान मार्चमध्ये झालं. ते संपल्यावर उमेदवारांकडून संचालकांच्या करारनाम्यावर सह्या मागवल्या गेल्या. मंडळाचा निर्णय एकमताचा नसला तरी संचालकाने बाहेर त्याला जाहीर पाठिंबा द्यायचा, असं त्यात होतं. जे बदलायलाच कुन आणि फोंटाना उभे होते, तेच मान्य आहे असं आधी लिहून द्यायचं! दोघांनी करारात दुरुस्त्या करून सही केली. संस्थेने ती सही धरली नाही आणि त्यांना पडलेली मतं निकालात मोजलीच नाहीत.

संस्थेची बाजूही ऐकायला हवी. करारावर सही करणं हा नियम होता, तो सगळ्यांना सारखा होता आणि दोघांनी दिलेली सही मूळ मजकुरावरची नव्हती, हे खरं. मंडळात बसणाऱ्याने गोपनीयता पाळावी, ही अपेक्षाही वावगी नाही. खटकतं ते वेळेचं. सह्या अर्जासोबतच मागितल्या असत्या, तर मतदारांना कळलं असतं की आपण कुणाला मत देतोय आणि ते धरलं जाणार आहे की नाही.

विकिपीडियाचं बोर्ड यापेक्षा वेगळं आहे का?

फार नाही. विकिपीडियामागे विकिमीडिया फाउंडेशन आहे आणि विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअरही ओपन सोर्स. नियमानुसार तिच्या मंडळात जास्तीत जास्त १६ विश्वस्त. आठ जागा जगभरच्या विकिपीडियन लोकांच्या मतांवर भरायच्या, सात मंडळाने नेमायच्या आणि एक संस्थापक जिमी वेल्स यांची.

२०२५ च्या निवडणुकीत मतदान सुरू व्हायच्या तोंडावर अंतिम यादीतल्या सहापैकी दोन उमेदवारांची नावं मंडळाने वगळली. पुन्हा तेच, छाननी.

इथला एक जुना किस्सा तर कारखान्याच्या राजकारणालाही लाजवेल. जेम्स हाइलमन हे कॅनडातले डॉक्टर २०१५ मध्ये मतं घेऊन मंडळावर गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाकीच्या विश्वस्तांनी त्यांना काढून टाकलं. २०१७ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले.

या दोन्ही संस्थांच्या नियमांत एक बारीक गोष्ट आहे. लोकांचं मत म्हणजे शिफारस असते. त्यावर शिक्कामोर्तब करून संचालक नेमतं ते आधीचंच मंडळ. निवडणुकीचे नियम तेच करणार, छाननी तेच करणार, तक्रार आली तर ऐकणारही तेच.

आपल्या सहकारात हे कसं असतं?

सहकाराला नावं ठेवायला जागा कमी नाही. घराणेशाही, पैसा, पळवापळवी, सगळं आहे. पण निवडणूक घ्यायचं काम तिथे संचालक मंडळाच्या हातात नाही. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आहे. निवडणूक निर्णय अधिकारी बाहेरचा असतो. अर्ज फेटाळला तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५२-अ खाली अपील करता येतं, निकालावर वाद असेल तर सहकार न्यायालय आहे. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. मंडळात २१ पेक्षा जास्त संचालक नाहीत, त्यात दोन जागा महिलांसाठी आणि काही मागास प्रवर्गांसाठी राखीव.

जगाला तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थांकडे यातलं स्वतंत्र निवडणूक अधिकाऱ्याचं साधं कलमही नाही, हे जरा गमतीशीरच आहे. कारणही समजण्यासारखं आहे. या संस्था मोजक्या स्वयंसेवकांच्या मैत्रीतून उभ्या राहिल्या. सगळे एकमेकांना ओळखत होते, तोवर भागत होतं.

मराठी मुलखातून कुणी गेलंय का?

मुंबईत काम करणाऱ्या बिशाखा दत्ता २०१० मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या मंडळावर गेल्या. त्या मंडळावरच्या पहिल्या भारतीय. पण त्या निवडून गेल्या नव्हत्या, मंडळाने त्यांना नेमलं होतं. पुण्यात रेड हॅटमध्ये काम केलेले कुशल दास पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावर होते. पुण्यात पायथन आणि फेडोराच्या परिषदाही भरल्यात. टेंभुर्णीपासून हायवेने काही तासांवर.

म्हणजे दार बंद नाही. पण दारापर्यंत जायला काय लागतं? ओपन सोर्स इनिशिएटिव्हमध्ये मताचा हक्क असलेलं सभासदत्व वर्षाला ५० डॉलरचं, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. संचालकपद बिनपगारी. कामकाज इंग्रजीत.

विकिमीडियाचा हिशोब वेगळा आहे. तिथे अलीकडच्या निवडणुकांत मतदार व्हायला पैसे लागले नाहीत. किमान ३०० संपादनं आणि गेल्या सहा महिन्यांत २० संपादनं हवी होती आणि ती मराठी विकिपीडियावर केलेलीही धरली जातात. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर गावाचा लेख नीट करत बसलेला माणूसही त्यामुळे मतदार ठरू शकतो.

पायथनवाल्यांचं त्याहून सोपं. महिन्याला किमान पाच तास पायथनच्या कामासाठी विनामोबदला देणाऱ्याला तिथे मताधिकाराचं सभासदत्व फुकट मिळतं. कॉलेजात पोरांना पायथनची कार्यशाळा घेणं, मराठीत मदतीचा मजकूर लिहिणं यातूनही हे तास भरू शकतात. फक्त मतदानाआधी ठरलेल्या मुदतीत 'मला मत द्यायचंय' असं कळवावं लागतं. ही मुदत कुठल्या वेळेनुसार आहे, ते मात्र आधी वाचून घ्यावं.