फुकट आणि मुक्त

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत मनुष्यास वाटत नाहीं. संगणकाच्या बाबतींत ह्या समजुतीमुळें आमच्या विद्यार्थ्यांचें नुकसान होत आहे.

आपण एखादें संकेतस्थळ उघडतों, तेव्हां दूरच्या संगणकावरील वेबसर्व्हर आपली मागणी ऐकून तें पान पाठवितो. असा सर्व्हर घरच्या वा शाळेच्या साध्या संगणकावरही चालवितां येतो. त्यासाठीं ‘अपाची फ्रेंड्स’ ह्या मंडळीनें २००२ सालीं ‘झॅम्प’ नांवाचा संच काढिला. पानें पाठविणारा अपाची, माहिती सांठविणारी मारियाडीबी, आणि पीएचपी व पर्ल ह्या भाषा त्यांत एकत्र आहेत. संचास दाम पडत नाहीं. परंतु त्याचा खरा गुण तो नव्हे. ह्या प्रोग्रॅमांचा मूळ मजकूर कोणासही वाचतां येतो, सुधारतां येतो व दुसऱ्यास देतां येतो. ह्यासच मुक्त म्हणतात.

फुकट व मुक्त ह्यांतील भेद मारियाडीबीच्या जन्मकथेंत दिसतो. मायएसक्यूएल ही प्रसिद्ध प्रणाली २००८ सालीं सन कंपनीनें विकत घेतली, आणि २००९ सालीं सन कंपनीच ओरॅकलकडे जाण्याचें ठरलें. मूळ कर्त्यांपैकीं मायकेल विडेनियस ह्यांस चिंता पडली. मजकूर मुक्त असल्यामुळें त्यांनीं त्याच वर्षीं त्याची निराळी शाखा काढिली व तीस आपल्या धाकट्या मुलीचें नांव दिलें. २०१५ सालीं झॅम्पनेंही मायएसक्यूएल सोडून तीच घेतली. केवळ फुकट असलेली वस्तु धनी उद्यां बंद करूं शकतो. मुक्त वस्तु एकदां दिली कीं ती सर्वांची होते.

मग हा मार्ग निर्दोष आहे काय? नाहीं. सर्वांस पाहण्याची मोकळीक असली म्हणजे कोणी पाहतोच असें नाहीं. संदेश गुप्त राखण्यासाठीं जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल ह्या मुक्त प्रोग्रॅमांत ‘हार्टब्लीड’ हा घातक दोष दोन वर्षें दडून होता. तो २०१४ सालीं उघडकीस आला. वापरणारे अगणित, राखणारे मूठभर! झॅम्पही शिकण्याकरितां आहे. तो जसाच्या तसा जगापुढें ठेवूं नये, असें त्याचे कर्तेच सांगतात. त्यांतील माहितीच्या मुख्य खात्यास परवलीचा शब्दसुद्धां आपणच घालावयाचा असतो.

म्हणून पालकांस विनंति कीं, प्रोग्रॅमांच्या चोरट्या प्रती मुलांच्या हातीं देऊं नयेत. सन्मार्गानें मिळणारें असें पुष्कळ आहे. शाळांनीं एक संगणक ह्या कामीं राखावा, आणि नववीच्या मुलामुलींनीं त्यावर आपल्या ग्रंथालयाची सूचि स्वतः उभारावी. चुकेल, मोडेल, पुन्हां उभें राहील. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस त्यांत एखादा दोष सांपडला, तर तो कर्त्यांस कळवा. दान घेणाऱ्यानें दानाची राखण करावी, हेंच त्याचें मोल.