रोजची साडी : सुती घ्यावी की सिंथेटिक?

मैत्रिणींनो, लग्नकार्याची साडी घ्यायची म्हटली की आपण दोघी-तिघींना बरोबर घेऊन चार दुकानं पालथी घालतो. पण वर्षाचे तीनशे दिवस जी अंगावर असते, त्या रोजच्या साडीची निवड मात्र पाच मिनिटांत उरकतो. सासूबाई म्हणतात, सुतीसारखं सुख नाही. जाऊबाई म्हणतात, सिंथेटिकच बरी, धुतली की वाळली. आणि दुकानदार म्हणतो, वहिनी, दोन्ही घेऊन जा! तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. तेव्हा आज जरा हिशेबानेच बघू या.

आधी हवेचा विचार

परभणी, मानवत, सेलू, गंगाखेड, कुठेही जा, एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढेच असतो. अशा दिवसांत अंगाला गारवा मिळतो तो घाम सुकल्यामुळे. कपड्याने घाम टिपला आणि हवेत सोडला, तर बरं वाटतं. तो कातडीवरच साचून राहिला, तर घामोळं येतं आणि कमरेपाशी खाज सुटते.

सूत पाणी पितं. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडं सूत साडेआठ ग्रॅमच्या आसपास ओलावा धरून ठेवतं. नायलॉन चारेक ग्रॅम धरतं, आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. उन्हाळ्यात सिंथेटिक साडी चिकटते आणि तिचा घामट वास धुतला तरी पुरता जात नाही, त्यामागचं कारण हेच.

स्कॉटलंडमधले पुरुष किल्ट नावाचं चुण्यांचं वस्त्र नेसतात. पूर्वापार पद्धतीच्या किल्टला आठ वार कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीला एकच वार कमी! तिथेही रोजच्या वापराला लोकर घ्यावी की स्वस्त कृत्रिम कापड, हा प्रश्न पडतोच. तिथली हवा थंड आणि ओली. लोकर सुताच्या जवळजवळ दुप्पट ओलावा धरते आणि तरी ऊब देते, म्हणून तिथे लोकरीचा मान. आपल्या हवेत तो मान सुताचा.

पण पाण्याचं काय?

इथे जाऊबाईंची बाजू ऐकलीच पाहिजे. ज्या उन्हाळ्यात सुती साडी हवीशी वाटते, त्याच उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. सुती साडीला धुवायला पाणी जास्त, पिळायला हाताला जोर जास्त आणि वाळायला वेळही जास्त. वर खळ आणि इस्त्री आहेच. सिंथेटिक साडी अर्ध्या बादलीत निघते आणि तासाभरात घडी होते. पावसाळ्यात घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवायचे असले की तिची खरी किंमत कळते. सकाळी सातच्या बसने नोकरीला जाणाऱ्या बाईला तर या साडीने रोजचा अर्धा तास मिळवून दिला आहे. तेव्हा सिंथेटिक नेसणारीला कोणी नावं ठेवू नयेत. खळ घालून इस्त्री करायला जी बसणार, बोलण्याचा अधिकार तिचाच.

ही कापडं आपल्याकडे आली कशी, तेही थोडक्यात सांगते. पॉलिस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला आणि त्याला टेरिलीन नाव मिळालं. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनांतून तो काढतात. आपल्याकडे टेरिलीन, टेरिकॉट हे शब्द घरोघरी रुळले. पुढे जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि कितीतरी गिरण्या त्यानंतर सावरल्याच नाहीत. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली. मग सुरतेच्या साड्या गावोगावच्या बाजारात आल्या. आपल्या काळ्या शिवारात कापूस पिकतो, नांदेडच्या संशोधन केंद्राने काढलेलं एनएचएच-४४ हे संकरित वाण शेतकऱ्यांच्या तोंडी असायचं, आणि आपल्या अंगावर मात्र सुरतेची साडी! तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून सांगितलं.

स्वयंपाकघरात मात्र तडजोड नाही

आता महत्त्वाचं. पॉलिस्टरला ज्योत लागली की ते आक्रसतं, २६० अंशांच्या जवळपास वितळतं आणि तो चटका देणारा रस कातडीला चिकटतो. भाजलेली जागा त्यामुळे खोल जाते. सूत वितळत नाही, चिकटतही नाही. पण म्हणून ते सुरक्षित आहे असं मुळीच समजू नका. पातळ सुती पदर झपाट्याने पेटतो. सुताचा आणि पॉलिस्टरचा मिश्र धागा तर जास्तच फसवा. त्यात सूत वातीसारखं जळतं आणि वितळलेलं पॉलिस्टर धरून ठेवतं.

म्हणून नियम असा. शेगडीपाशी जाड विणीची सुती साडी, आणि पदर कमरेला घट्ट खोचलेला. मागच्या बर्नरवरचं भांडं पुढच्या ज्योतीवरून हात घालून काढायचं नाही. समई लावताना, दिवाळीत पणत्या मांडताना पदर आधी आवरायचा. घरात गाऊन घालणाऱ्यांनाही हाच नियम. झुळझुळीत नायलॉनचा गाऊन झोपण्यापुरता ठेवा.

कपडा पेटलाच तर धावू नका. वाऱ्याने आग भडकते. जमिनीवर झोपून लोळण घ्या. जवळच्या माणसाने जाड सुती सतरंजी किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. मग भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी सोडा. चिकटलेलं कापड ओढून काढू नका. तूप, टूथपेस्ट, हळद, काहीही लावू नका. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

खर्चाचा हिशेब

दुकानात दोन्हींची किंमत पाहून स्वस्त ती उचलू नका. किंमत भागिले किती महिने टिकली, असा भागाकार करा. समजा, सुती साडी ६०० रुपयांची आहे आणि दीड वर्ष टिकली, तर महिन्याला ३३ रुपये पडले. सिंथेटिक ४५० ची आणि तीन वर्षं टिकली, तर साडेबारा रुपये. आकडे आपापल्या गावच्या भावाप्रमाणे बदला, पण सिंथेटिक बहुधा स्वस्तच पडेल. खळ आणि इस्त्रीचा खर्च धरला तर आणखीच.

मात्र सुती साडी विरली तरी संपत नाही. तिचं बाळाचं दुपटं होतं, गोधडीचा थर होतो आणि शेवटी ओटा पुसायचं फडकं होतं. सिंथेटिक साडी पाणीच टिपत नाही, तिचं फडकं काय कामाचं? तिच्या पिशव्या शिवा किंवा पडदे करा. शेगडीजवळच्या खिडकीला मात्र ते लावू नका.

घेताना पारख

'कॉटन' म्हणून दाखवलेली प्रत्येक साडी सुती असतेच असं नाही. काठावर किंवा लेबलावर '१०० टक्के कॉटन' लिहिलं आहे का, ते बघा. साडी मुठीत चुरगाळून सोडा. सुती असेल तर सुरकुती राहील, लगेच सरळ झाली तर धागा मिश्र असण्याचा संभव. घरी आणल्यावर पदराच्या टोकाचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटलीवर पेटवून पाहा. सूत जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि भुरकी राख पडते. पॉलिस्टर काळा धूर सोडतं आणि कडक काळा मणी उरतो. रंग पाहायला ओला पांढरा रुमाल काठावर घासा. रुमालाला रंग लागला तर ती साडी पहिले काही दिवस वेगळी धुवायची. नुसत्या मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही, हेही लक्षात असू द्या.

निगा

सुती फॉल लावण्याआधी धुऊन, वाळवून घ्या. नाहीतर सिंथेटिक साडीचा फॉल आटतो आणि खालचा काठ चुरमडतो. सिंथेटिक साडीखाली परकर सुतीच हवा. घामही टिपतो आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत साडी पायांना चिकटत नाही. परकराची नाडी रुंद ठेवा आणि रोज एकाच जागी आवळू नका. तिथे जखम होऊन बरी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच.

सुती साडीवरचा हळदीचा डाग साबणाने धुऊन उन्हात टाका, ऊन तो फिका करतं. सिंथेटिकवर तेलाचा डाग मुरतो. भांड्यांच्या साबणाचा पातळ द्रव लगेच चोळा, मग धुवा. तिला इस्त्री अगदी कोमटच हवी. बोअरच्या जड पाण्याने साबणाला फेस येत नाही, तेव्हा शेवटचं खळबळणं जमल्यास नळाच्या पाण्यात करा. आणि सुती साड्या पावसाळ्यासाठी कपाटात ठेवताना खळ धुऊन काढा, नाहीतर कसर लागेल.

मग घ्यायची कोणती?

सहा साड्या रोजच्या धरल्या, तर माझा सल्ला असा : चार सुती, दोन सिंथेटिक. चारांतल्या दोन जाड विणीच्या, स्वयंपाकाच्या. दोन जरा बऱ्या, उन्हाळ्यात बाहेर जायच्या. सिंथेटिक दोन पावसाळ्यासाठी, प्रवासासाठी आणि पाणीटंचाईच्या आठवड्यासाठी. नोकरी करणारीने हे प्रमाण खुशाल उलटं करावं, पण घरी आल्यावर शेगडीपाशी जाण्याआधी साडी बदलावी. दमून आल्यावर तेवढंही जिवावर येतं, मान्य आहे. पण त्या पाच मिनिटांत चहा दुसऱ्या कोणी ठेवला तर घराचं काही बिघडत नाही.

पुढच्या आठवड्यात : विरलेल्या सुती साड्यांची गोधडी.