पाकिटावर सही करण्याआधी



या सदरात आपण खताच्या मात्रा, बियाणे आणि कीड यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे, पण तो आपल्या घराबाहेरचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातला एक शेतकरी बाजाराहून मोटारसायकलने परतत होता. मागून आलेल्या मोटारीने त्याला उडवले. मांडीचे हाड मोडले, गुडघ्याचा चुरा झाला. वय पस्तीस, जमीन चार एकर, घरात आई, बायको आणि दोन लेकरे. मी भेटायला गेलो तेव्हा मोटारवाल्याचा मेहुणा तीस हजारांचे पाकीट आणि एक कोरा स्टँप घेऊन बसला होता. गावचे दोन जाणते म्हणत होते, "घे अन् मिटव, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." थोरला भाऊ म्हणत होता, "पैसे नकोत, गाडीच पेटवतो." आईच्या डोळ्याला पदर. "लेकाच्या पायाचा बाजार मांडता का रे?" आणि तो बिचारा बायकोकडे बघत होता. मृग तोंडावर आलेला, बियाण्याला पैसा नव्हता.

मंडळी, अशा वेळी राग, लाज, भीती आणि घाई ही चौघे एकदमच घरात शिरतात, आणि निर्णय तीच घेऊ लागतात.

आधी लाजेचे बोलू. भरपाई म्हणजे भीक नव्हे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटारीला दुसऱ्याच्या इजेपोटी विमा उतरवणे कायद्याने सक्तीचे आहे. तो असला तर पैसे बहुधा विमा कंपनी देते. म्हणून मोटारवाल्याच्या पोराबाळांचा घास आपण काढतो आहोत, हेही मनात आणू नका. आईला मी एवढेच म्हटले, "आक्का, पायाची किंमत कुणीच करत नाही. पाय नसल्याने घराचे जे अडते, त्याचा हिशेब मागायचा आहे."

रागालाही काम द्यावे. थोरल्या भावाला मी म्हटले, "तुमचा राग खरा आहे, तो घेऊन पोलीस ठाण्यात जा." फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचा नंबर, विम्याचा कागद, या साऱ्याच्या नकला त्याने चार हेलपाट्यांत आणल्या. फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. ड्रायव्हरला शिक्षा व्हावी ही इच्छा एकीकडे ठेवा. दाव्याच्या कागदात ती मिसळली की दोन्हींचा विचका होतो.

घाईचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या लोकांचे सर्वांत जास्त नुकसान तीच करते. पाऊस पडला की आपण लगेच पेरत नाही, वाफसा येऊ देतो. जखमेचेही तसेच आहे. गुडघा किती वाकेल, हे चार आठवड्यांत डॉक्टरलाही सांगता येत नाही. तोवर रक्कम ठरवणे म्हणजे दाणे भरण्याआधी उभे पीक विकणे. पायात अपंगत्व अमुक टक्के, असा दाखला मिळतो; पण कमाई तेवढीच टक्के बुडाली असे धरायचे नसते. माणूस कोणते काम करतो ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा गुडघा वाकला नाही तर एक अडचण. ज्याला पाठीवर पंप घेऊन चिखलात चालायचे, खाली बसून निंदायचे, त्याची अडचण कितीतरी मोठी. "जमीन तर जागेवरच आहे," असे समोरचा वकील म्हणेल. जमीन आहे, पण तिच्यात राबणाऱ्याची मजुरी आणि देखरेख गेली, हे सांगायचे असते.

मात्र वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही तो करता येतो. चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची वेगळी तरतूद आहे. पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून वकिलाला विचारूनच पाऊल टाका. भरपाईतला हिस्सा मागणाऱ्या वकिलापासून दूर राहा, त्यांच्या नियमांत ते बसत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिच्यावर अपील नाही. तिथे जाण्याआधी घरी बसून, बायकोला विचारून, याच्या खाली उतरायचे नाही असा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. समोरचा गोड बोलू लागला की तो कागद उपयोगी पडतो.

बायकोवरून आठवले. या घरात सर्वांत शहाणे काम तिने केले. मुलीच्या जुन्या वहीत रोजचा खर्च लिहिला: रिक्षा, औषधे, कोळपणीला लावलेला गडी, दूध घालायला स्वतः गेली ते दिवस. ती मला म्हणाली, "साहेब, लिहून ठेवलं की रात्री डोक्यात फिरत नाही." मनाच्या औषधाचे यापेक्षा चांगले वर्णन मी ऐकले नाही. तीच वही आता दाव्यात लावली आहे.

भीती होती ती उलटतपासणीची. लायसन्स होते का, हेल्मेट होते का, वेग किती, असे विचारले की आपल्यालाच गुन्हेगार ठरवतात असे वाटते. तो त्या वकिलाचा धंदा आहे. चिडू नका, खरे तेवढे सांगा, आठवत नसेल तर नाही म्हणा. अपंगत्वाच्या तपासणीला जाताना याला कुणीतरी सल्ला दिला होता की कुबड्या घेऊन जा. त्या वापरणे दोन महिन्यांपूर्वी सुटले होते. बायको म्हणाली, "शेतात चालता तसंच चाला तिथं." तो लंगडत, काठी टेकत गेला. एक खोटे सापडले की खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास उडतो.

ते पाकीट त्या दिवशी परत गेले. बियाण्यासाठी सोसायटीचे पीककर्ज घेतले, पेरणी भावाने केली. चार महिन्यांनी तोच मेहुणा एक लाख घेऊन आला. याने चहा पाजला आणि "वकिलांना विचारून सांगतो" म्हणाला. दावा चालू आहे. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे, आणि त्या दिवशी वही घेऊन बायकोच साक्षीला उभी राहणार आहे.