मुहूर्तावर सिझेरियन? आधी बाळाच्या फुफ्फुसांचं बघा

नववा महिना लागला की काही घरांतून हमखास विचारणा होते, "डॉक्टर, अमुक तारखेला चांगला योग आहे. तेव्हाच सिझेरियन करता येईल का?" वैद्यकीय कारण नसेल आणि 39 आठवडे पूर्ण झाले नसतील, तर माझं उत्तर 'नाही' असतं. का, ते सांगतो.

फुफ्फुसांत कोट्यवधी इवले फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. ते आतून ओले असतात. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी आक्रसू पाहतो. अळवाच्या पानावर थेंब गोल होतो तो म्हणूनच. याच ताणाने वायुकोश मिटले असते, पण शरीर तिथे 'सरफॅक्टंट' नावाचा स्निग्ध पदार्थ सोडतं. त्याच्या बहुतेक रेणूंना पाणी आवडणारं डोकं असतं आणि पाणी नको असलेल्या दोन शेपट्या. पाण्यावर येताच डोकं खाली, शेपट्या हवेकडे, असे ते आपले आपण शेजारी शेजारी उभे राहतात. कुणी रचावं लागत नाही. श्वास सोडताना हा थर आणखी दाट होतो, ताण जवळजवळ नाहीसा होतो आणि वायुकोश उघडा राहतो.

रेणू रांगेत आपोआप लागतात, पण आधी ते पुरेसे बनावे तर लागतात! ते काम गर्भात शेवटच्या काही आठवड्यांत जोरात चालतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक 1963 मध्ये सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि 39 तासांत गेला. तेव्हा उपाय नव्हता. आज नळीवाटे सरफॅक्टंट देता येतं.

"मग काळजी कशाला?" असं विचाराल. 37 आठवड्यांना बहुतेक बाळांत हा थर तयार असतो, हे खरं. पण काहींत तो कमी पडतो. शिवाय कळा न येता जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसातलं पाणीही उशिरा शोषलं जातं, आणि दिवसांचा हिशेब थोडा चुकलेला असू शकतो. चांगल्या योगावर जन्मलेलं बाळ धापा टाकत काचेच्या पेटीत, ही कसली हौस?

मात्र रक्तदाब, बाळाची खुंटलेली वाढ अशा कारणाने डॉक्टरच लवकर प्रसूती सुचवत असतील, तर अडून बसू नका. खूप आधी प्रसूती होण्याची शक्यता असेल, तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. नावाला घाबरू नका. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणूनच ती असतात. त्यांचा पुरता उपयोग व्हायला साधारण एक दिवस लागतो, तेव्हा मुदतीआधी कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर सकाळची वाट न बघता निघा.