ठाणं राहू द्या, वाट जवळ करा

कुणाचं वागणं जरा विचित्र दिसलं की ‘याला ठाण्याला न्या’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. वसईतल्या सांडोरच्या ओट्यावर हा विनोद असतो; ज्या घरात खरोखर आजार शिरलाय तिथे तीच धमकी ठरते. त्या वाक्याभोवती तीन समज आहेत.

पहिला समज: मनाचा आजार बरा होत नाही, माणूस कोंडावाच लागतो. एके काळी या म्हणण्यात तथ्य होतं. 1826 साली कुलाब्यात आणि 1901 साली ठाण्यात वेड्यांची इस्पितळं उभी राहिली, तेव्हा डॉक्टरांच्या हातात भिंतींखेरीज फारसं काही नव्हतं. पण 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा मनोविकारावरचा गुण नोंदवला, 1952 मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आलं आणि चित्र पालटलं. आज गोळ्या नियमित घेऊन कामधंदा करणारे असंख्य रुग्ण आहेत. औषध बदललं, आपली भीती मात्र 1901 मधलीच राहिली.

दुसरा समज सुधारकांचा: मनोरुग्णालयं म्हणजे तुरुंग, ती बंद करा, माणसं घरी पाठवा. यातली कळकळ मान्य, निष्कर्ष मान्य नाही. 2001 साली तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांत बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले. ते काही सरकारी मनोरुग्णालय नव्हतं. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणारं खासगी निवारागृह होतं. साखळी मनोरुग्णालयाच्या बाहेरही असते. इटलीने 1978 च्या कायद्याने मनोरुग्णालयं मोडीत काढायला घेतली, पण त्यांच्या जागी वस्तीतली केंद्रं आणि साध्या रुग्णालयांतले छोटे कक्ष आणायचं ठरवलं. पर्याय न उभारता कुलूप लावणं म्हणजे सगळा भार घरातल्या बाईच्या माथी मारणं.

तिसरा समज सर्वांत सोयीचा: ‘ठाणं आहे की!’ आहे, 1850 मंजूर खाटांचं आहे. पण 2014 साली आपला जिल्हा पालघर झाला, आजारी माणसाची वाट तीच राहिली. वसई रोड गाठा, लोकलने दादरला जाऊन गाडी बदला, नाहीतर घोडबंदरच्या कोंडीत अडका. दर खेपेला सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. दोन खेपा चुकतात, गोळ्या तुटतात, आजार उलटतो आणि ज्याचं घरीच भागलं असतं तो दाखल होतो. म्हणजे अंतरच रुग्ण तयार करतं.

मग हवं काय? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 नेमकं हेच सांगतं: उपचारांसाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, आणि सामुदायिक आरोग्य केंद्रापासून पुढे सरकारी दवाखान्यांत आवश्यक औषधं मोफत मिळावीत. कलम 19 म्हणतं, केवळ घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही.

‘एवढे तज्ज्ञ कुठून आणणार?’ ही शंका रास्त आहे, तिचं उत्तरही जुनं आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 1980 च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांनाच शिकवून तयार केलं; 1996 चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यातूनच निघाला. तज्ज्ञाने निदान करावं, पुढच्या गोळ्या गावच्या डॉक्टरने द्याव्यात, चुकलेल्या खेपेची चौकशी आशाताईंनी करावी. बंगलीच्या कार्डिनल ग्रेशस रुग्णालयात ताप दाखवायला जाताना कुणी तोंड लपवत नाही. मनाच्या दुखण्यालाही असंच ओळखीचं दार हवं.

ठाण्याचं इस्पितळ मोडू नये. जिवावर बेतलेल्या, गुंतागुंतीच्या आजारासाठी ते शेवटची पायरी म्हणून, सुधारून राखावं. आज सांडोरकरांसाठी तीच पहिली पायरी आहे. भांडण आहे ते एवढ्यासाठीच. वसई तालुक्यात ठरलेल्या वारी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आणि तिथेच मोफत गोळ्या, एवढी मागणी ग्रामसभेत आणि महापालिकेत मांडायला हवी. ही दया नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.