शत्रूच्या हाती आरोपी सोपवावा का? लॉकरबीचा धडा

१/८
२१ डिसेंबर १९८८. स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲमचे १०३ क्रमांकाचे विमान बॉम्बस्फोटाने कोसळले. विमानातील २५९ आणि गावातील ११ जणांचा बळी गेला. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी दोन लिबियन नागरिकांवर आरोप ठेवून त्यांचा ताबा मागितला.

२/८
गडाफीने नकार दिला. १९७१ च्या माँट्रियल करारानुसार आरोपी सोपवावा किंवा स्वतः त्याच्यावर कारवाई करावी; आम्ही दुसरा मार्ग स्वीकारतो, अशी लिबियाची भूमिका होती. करारात तिला आधार होता. परंतु ज्या राजवटीवरच संशय, तिच्या न्यायालयावर विश्वास कोण ठेवणार?

३/८
उलट शंकाही पोकळ नव्हती. १९८६ मध्ये अमेरिकेने त्रिपोली व बेंगाझीवर बॉम्बफेक केली होती. अशा देशातील ज्यूरी लिबियन आरोपीकडे निर्विकारपणे पाहील काय?

४/८
१९९२ मध्ये सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले. लिबियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. कोंडी मात्र अनेक वर्षे फुटली नाही.

५/८
अखेर एडिनबरो येथील विधिज्ञ रॉबर्ट ब्लॅक यांनी सुचवलेली तटस्थ भूमीची कल्पना काही बदलांसह स्वीकारली गेली. नेल्सन मंडेलांनी मध्यस्थी केली. नेदरलँड्समधील कॅम्प झाइस्ट येथे न्यायालय उभे राहिले. भूमी डच, कायदा स्कॉटिश. ज्यूरीऐवजी तीन स्कॉटिश न्यायाधीश. ५ एप्रिल १९९९ रोजी आरोपी स्वाधीन झाले.

६/८
३१ जानेवारी २००१ रोजी अब्देलबासेत अल-मेग्राही दोषी ठरला. दुसरा आरोपी निर्दोष सुटून मायदेशी परतला. माझ्या मते, या खटल्याची खरी कसोटी ही सुटकाच होय. जेथे सुटण्याची शक्यताच नसते, तेथे खटला नसतो, केवळ सोहळा असतो.

७/८
मेग्राहीच्या दोषसिद्धीवर आजही वाद आहे. २००७ मध्ये स्कॉटलंडच्या पुनर्विलोकन आयोगानेच ते प्रकरण पुन्हा अपिलात पाठवले. पण पुरावा उघडपणे मांडला गेला, म्हणूनच तो तपासता येतो. गुप्त कोठडीतून असे काहीच हाती लागत नाही.

८/८
मित्रहो, २६/११ च्या मुंबईतील खटल्यातही कसाबला फाशी झाली आणि दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या सुटकेने त्या निकालाचे वजन वाढले. शत्रूराष्ट्राकडे आरोपी मागताना सर्वांत प्रभावी युक्तिवाद हाच: आमच्या न्यायालयात आरोपी सुटूही शकतो.