शेरखानाने खावे काय?

गेल्या महिन्यात येथील एका स्नेह्यांकडे बसण्याचा योग आला असता 'जंगल बुक' या जुन्या मालिकेचा एक भाग सहकुटुंब पाहिला जात होता. मूळची जपानी आणि हिंदी संवाद चढविलेली ही चित्रमालिका १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागे; तिच्या आठवणीने आज चाळिशीतील गृहस्थांचेही डोळे पाणावतात. भाग संपताच अभिप्राय सुरू झाले. यजमान म्हणाले, "माणसाला लाजवील अशी माया लांडग्यांनी केली!" त्यांच्या वडील भगिनींना हल्लीच्या मालिकांत असे संस्कार दिसत नव्हते. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी नाना पाटेकरांच्या आवाजाची तारीफ केली, पण शेरखान दुष्ट तो दुष्टच, असा निकालही दिला. इतक्यात यजमानांची सात वर्षांची नात म्हणाली, "मग शेरखानानं खायचं तरी काय?" तिच्या हाती लाडू देण्यात आला.

त्या दिवाणखान्यात विचार करून बोललेले वाक्य एवढे एकच, असे आमचे मत आहे. बाकीच्या साऱ्या स्तुतीचा इत्यर्थ इतकाच की, जनावर माणसासारखे वागले तर ते थोर व जनावरासारखे वागले तर दुष्ट. ही प्राणिप्रीती नव्हे. आरशासमोर उभे राहून स्वतःलाच केलेला नमस्कार आहे.

आमच्यावर आक्षेप येईल की, पंचतंत्रातील करटक आणि दमनकही माणसासारखेच बोलतात, मग बिचाऱ्या मोगलीवरच राग का? उत्तर सोपे आहे. पंचतंत्र ऐकून कोल्ह्यांचे ज्ञान झाले, असे कोणा श्रोत्यास वाटले नाही; ती राजनीती आहे हे त्यास पक्के ठाऊक होते. मोगलीचा प्रेक्षक मात्र अरण्य पाहून आल्याच्या समाधानात उठतो.

हा रोग केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेत १९५४ ते १९७३ पर्यंत 'लॅसी' ही कुत्र्याची मालिका चालली. लॅसी मादी; पण १९४३ च्या चित्रपटापासून तिची भूमिका नर कुत्रेच करीत आले, आणि त्याने कोणाचेही अश्रू अडले नाहीत! प्रेम भूमिकेवर होते, कुत्र्यावर नव्हते. एवढ्यावर हसून सोडून देता येईल, परंतु 'फ्लिपर' या डॉल्फिनच्या मालिकेची (१९६४ ते १९६७) कथा हसण्याजोगी नाही. तिच्यासाठी डॉल्फिनांना शिकविणारे रिचर्ड ओबॅरी त्यांतील कॅथी १९७० साली मरण पावल्यावर तो व्यवसाय सोडून बंदिस्त डॉल्फिनांच्या मुक्ततेच्या चळवळीस लागले. घरोघरचे प्रेक्षक मात्र त्या जलचराच्या मुद्रेवरचे कायमचे हसू पाहून तो सुखी असल्याची ग्वाही देत राहिले. आपल्या केंद्र सरकारने २०१३ मध्ये डॉल्फिनांचे खेळ मांडण्यास मनाई केली, हे योग्यच झाले.

आता घराकडे वळू. मोगलीला वाढविणाऱ्या लांडग्यांचे भाऊबंद मराठवाड्याच्या माळरानांवर आजही आहेत. सरकारी दप्तर त्या माळांना पुष्कळदा 'पडीक' म्हणते आणि आमचा सुशिक्षित वर्ग त्यांना 'प्लॉट' म्हणतो. लांडग्याच्या मायेने गहिवरणाऱ्या या मंडळींपैकी किती जणांनी ती जागा विकत घेताना त्याची आठवण केली असेल? ज्याची मेंढरे जातात तो धनगर लांडग्यास शिव्या देतो खरा, पण निदान त्याला ओळखतो तरी. २०२१ साली यवतमाळकडील टिपेश्वरहून शेकडो कोस चालत एक वाघ आमच्या गौताळा अभयारण्यात आला. त्याच्या त्या पायपिटीचे कौतुक व्हावयाचे सोडून, आमच्या कानी आलेला पहिला उद्गार होता, "आता तिकडे सहलीची सोय गेली!"

त्या दिवशी निघताना आम्ही त्या मुलीस जवळ बोलाविले आणि वाघ चितळ, सांबर, रानडुक्कर, नीलगाय खातो, असे सांगितले. तिने लाडू संपवीत मन लावून ऐकले.

"आणि लांडगे?" तिने विचारले.

"ससे खातात, चिंकारे खातात, आणि सापडली तर धनगराची मेंढीही," आम्ही म्हणालो.

तिच्या आत्याआजींनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, आम्ही चहासाठी थांबलो नाही.